तत्त्वज्ञान सोडून काहीही

वसतिगृह, माडीवरची खोली
८ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र घरी न पाठवता तू कामाला जातोस त्या रोपवाटिकेच्या पत्त्यावर टाकलंय, यावरूनच तू ओळखलं असशील की काहीतरी काळंबेरं आहे. आई पोस्टाच्या खिडकीत बसते म्हणून आपल्या घरात फोनपेक्षा पत्राला मान. ते ठीकच. ती दुसऱ्याचा लिफाफा उघडायची नाही, पण हातात तोलून बघते, आणि जाड लागला की जेवताना घास हातात धरून विचारतेच, की एवढं काय लिहिलंय पोरीनं.

मी मजेत आहे. खोलीतल्या मैत्रिणीनं जीवशास्त्र घ्यायचं नक्की केल्यापासून खिडकीत बरण्या मांडल्या आहेत. त्यांत काय वळवळतं ते मी विचारत नाही आणि ती सांगितल्याशिवाय राहत नाही.

इथली पद्धत तुला मी काय सांगायची, तूही याच पायऱ्या चढलास. आधी इतिहास, गणित, जीवशास्त्र, भाषा, सगळ्यांतलं थोडंथोडं चाखायचं आणि मग एका मुख्य विषयाशी लग्न लावायचं. माझं हे लग्न महिनाअखेरीला आहे. आणि एक गोष्ट तुला ठाऊक नाही. मी इकडे निघाले तेव्हा बस सुटता सुटता आईनं खिडकीतून माझं मनगट धरलं आणि म्हणाली, की तत्त्वज्ञान सोडून काहीही घे, मी हूं की चूं करणार नाही. मी लगेच हो म्हटलं. तेव्हा मला तो विषय कशाशी खातात ते माहीत नव्हतं, त्यामुळे सोडायला काहीच जड गेलं नाही.

आता माहीत झालंय आणि तीच पंचाईत आहे. संख्याशास्त्रात मला चांगले गुण पडतात. सर म्हणतात, तुझं डोकं चालतं. आईलाही तो विषय पसंत आहे, कारण त्याला म्हणे 'पुढं काहीतरी आहे.' पण संख्याशास्त्राचा तास संपला की मी वही मिटते आणि चहाला जाते. तत्त्वज्ञानाच्या बाईंचा तास संपला की चहाला जाताना, चहा पिताना, कप विसळताना तेच डोक्यात घोळत असतं. मागच्या महिन्यात त्यांनी विचारलं, की समोरच्याचा दात दुखतोय हे आपल्याला कळतं म्हणजे नेमकं काय कळतं? गाल सुजलेला दिसतो, माणूस विव्हळताना ऐकू येतो. पण दुखणं दिसतं का? निम्मा वर्ग हसला. मला तू आठवलास.

त्यावर निबंध लिहायचा होता. मी तुझ्यावर लिहिला, दादा. तू इथलं शिक्षण सोडून घरी आलास त्या वर्षाबद्दल, बंद दाराबद्दल, ताट उंबऱ्यावर ठेवून आम्ही कान लावून उभे राहायचो त्याबद्दल. नाव घातलं नाही, 'माझा भाऊ' एवढंच. बाईंनी तो सगळ्या वर्गाला वाचून दाखवला. संपल्यावर कुणी बोलेना. मागच्या बाकावरच्या एकीनं तर डोळे पुसले. नंतर बाई मला म्हणाल्या, की मुख्य विषय म्हणून याचा विचार कर.

आता सांग, मी काय करू? घरात हा विषय शिकलेला तू एकटाच आहेस, अर्धा का होईना. तू घे म्हणालास तर आईसमोर उभं राहायचं बळ येईल. उत्तर दोन ओळींचं चालेल, पण येऊ दे.

मोगऱ्याला पाणी घालताना एखादा थेंब आमच्याही नावानं.

तुझी लाडकी आणि लुडबुडी,
भिंगरी


घर
१९ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आमच्या नावाचं तुझं पत्र पोचलं. आईनं दोनदा वाचलं आणि चष्म्याच्या डबीखाली ठेवलंय, म्हणजे अजून एकदा वाचणार.

माझं काम नेहमीचंच, वर-खाली. परवा एका मोठ्या इमारतीतली लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत एक वकीलसाहेब. मी वरून दोर तपासतोय आणि हे आतून मला कलमं ऐकवतायत. शेवटी म्हटलं, साहेब, लिफ्टला कायदा कळत नाही, जरा दम धरा. बाहेर आले तेव्हा माझा हात सोडेनात. माणूस अडकला की ओरडतो, त्याचं मनावर घ्यायचं नसतं, हे मी या धंद्यात शिकलो. जो ओरडत नाही त्याची जास्त काळजी करायची.

म्हणून हे पत्र. दादा परवापासून रोपवाटिकेत गेलेला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असतो. मालकीणबाई चौकशीला आल्या होत्या. म्हणाल्या, कामाच्या जागी एक पत्र आलं, ते वाचलं, झारी तिथंच ठेवली आणि कुणाला न सांगता फाटकाबाहेर पडला. तुझ्या आईला वाटतंय की औषध बदललं त्याचा हा परिणाम. मी तिच्यासमोर गप्प राहिलो. पण बाईंना पोचवायला फाटकापर्यंत गेलो आणि विचारलं, की पाकिटावरचं अक्षर कसं होतं. म्हणाल्या, गोल, आणि वेलांट्या ही एवढाल्या. आपल्या घरात छत्रीएवढ्या वेलांट्या कोण काढतं ते मला ठाऊक आहे.

भिंगरे, काय लिहिलंस त्याला?

मी रागावलो नाही. पण त्या वर्षी त्याला वसतिगृहातून घरी आणायला मी गेलो होतो, तू नाही. खोलीचे पडदे ओढलेले होते, हवा कोंदट, दाढी छातीला टेकलेली. मला दारात बघून तो म्हणाला, बाबा, बसा. जणू मी पाहुणा आणि तो यजमान. आणि बसायला जागाच नव्हती, खुर्चीवर कपड्यांचा ढीग. मी त्या ढिगावर बसलो. तुझ्या आईनं तेव्हापासून त्या विषयाला गुन्हेगार ठरवून टाकलंय. मला ते कधी पटलं नाही, पण मी वादही घातला नाही. तिला कुणाला तरी दोष द्यायचा होता, मला वाटलं, पुस्तकांना दिला तर कुणाचं बिघडलं?

काय ते मला मोकळेपणानं कळव. आईला इतक्यात काही बोलू नकोस.

तब्येतीला जप आणि आमच्यावरची माया अशीच ठेव.

तुझे बाबा


घर
२३ जानेवारी

भिंगरी,

तुझा वर्ग रडला हे कळलं.

तू दाराबाहेर उभी होतीस. आत काय होतं ते तुला माहीत नव्हतं, आणि निबंधाचा विषयही नेमका तोच होता. मग ज्याला माहीत होतं त्याला विचारावंसं वाटलं नाही? मी काही परदेशी नव्हतो. सुट्टीत तू आलीस तेव्हा आपण एकाच टेबलाशी बसून जेवलो. तू मला मीठ दे म्हणालीस, मी दिलं.

नाव घातलं नाहीस म्हणतेस. त्या बाईंनी मलाही शिकवलंय. आपलं आडनाव एक, नाक एक. 'माझा भाऊ' म्हणजे कोण हे त्यांना कळलं नसेल? कचेरीतल्या, जेवणघरातल्या माणसांना कळायचं राहिलं असेल? तिथून निघताना मला एवढंच समाधान होतं, की मला कुणी फारसं बघितलं नाही.

विषय घेऊ का म्हणून मला विचारू नकोस.

दादा


वसतिगृह
३० जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी जिन्यात उभं राहून वाचलं, कारण खोलीत मैत्रीण होती आणि तिनं माझं तोंड बघितलं असतं.

चुकलं, एवढं लिहून भागणार नाही, पण आधी तेच लिहिते. चुकलं. दुसऱ्या दिवशी बाईंकडे जाऊन निबंध परत मागितला. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं. त्या बराच वेळ पेनचं टोपण काढत-घालत राहिल्या. मग म्हणाल्या, की मी तुझ्या भावाला ओळखलं होतं आणि तरी वाचला, म्हणजे यात मीही आलेच. निबंध मी फाडला. फाडताना लक्षात आलं, की वर्ग गप्प झाला तेव्हा मला आनंद झाला होता. तुझं दुःख लोकांना कळलं याचा नव्हे. मला लिहिता येतं याचा. ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. तुला सांगायलाच हवी, नाही तर पुन्हा तेच झालं असतं.

संख्याशास्त्र कळवून टाकलं. सर खूश झाले. आईला फोन केला, तीही खूश झाली, इतकी की पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. पंधरा फेब्रुवारीपर्यंत विषय बदलता येतो म्हणतात, पण मला काही बदलायचं नाही. आता कुणालाच त्रास नको. आज सरांच्या तासाला बसले, सगळं समजलं, आणि दिवसभर मला कशाचंच काही वाटलं नाही.

बाबा लिहितात, तू अजून कामावर जात नाहीस. माझ्यामुळं रोपांना शिक्षा नको रे.

उत्तर नाही दिलंस तरी रागवणार नाही. तुझी माया उरली असेल तेवढी पुरे.

भिंगरी


घर
७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

राग गेला असं लिहिणार नाही. उतरलाय. सोमवारपासून कामावर जातोय. मालकीणबाई एका शब्दानं बोलल्या नाहीत, फक्त सगळ्यात जड पोती माझ्या वाट्याला दिली. बरं वाटलं.

पण संख्याशास्त्र माझ्यापायी घेऊ नकोस. आईनं तिच्या धसक्यापायी तुझा विषय ठरवला, आता तू माझ्या लाजेपायी ठरवतेस. तुम्ही दोघी गाडी हाकणार आणि मी मध्ये रस्त्यावरचा गतिरोधक. मला हे नको. तुला खरंच आवडत असतं तर गोष्ट वेगळी. दिवसभर कशाचंच काही वाटलं नाही, असं तूच लिहिलंयस. ते वाक्य वाचून मी घाबरलो.

कारण माझीही सुरुवात तशीच झाली होती. आईला वाटतं, मी फार विचार केला म्हणून डोकं फिरलं. उलट होतं गं. विचार येणंच थांबलं होतं. ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत तिची सुरुवात विसरायचो. अंघोळीला जायचं म्हणजे डोंगर. मला ते दुखणं वाटलंच नाही, मला वाटलं मी आळशी झालो, आणि आळशी माणूस कुठल्या तोंडानं कुणाकडे जाणार? दुसरा कुठलाही विषय असता तरी हेच झालं असतं. उलट तत्त्वज्ञानाचा तास सगळ्यात शेवटी सुटला. बाकीचे आधीच सुटले होते.

हे सगळं काल मी आईला सांगितलं. ती ओट्यापाशी भांडी पुसत होती. तिनं तुझ्याकडून घेतलेला शब्द मला कळलाय, हेही सांगितलं. निबंधाचंही. तुझी चहाडी केली असं समज हवं तर. ती तेच एक पातेलं पुसत राहिली. आज सकाळी उठतो तर मातोश्री पोस्टात रजा टाकून तुझ्याकडे निघाल्यात. फोन करून भिंगरीला सावध केलंत तर याद राखा, असा आम्हा दोघांना दम देऊन गेलीय. बाबा म्हणतात, हे पत्र पोचायच्या आत ती पोचेल. म्हणजे माझा इशारा शिळा आहे. तरी देतो. सांभाळ.

तुझ्यावर रागावलेला, पण तुझाच,
दादा


वसतिगृह
१० फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आईला आज सकाळच्या बसमध्ये बसवून दिलं. ती हे पत्र यायच्या आधीच घरी आली असेल, पण ती सगळं सांगेल असं वाटत नाही, म्हणून लिहिते.

परवा मी संख्याशास्त्राच्या तासाऐवजी बाईंच्या तासाला जाऊन बसले होते. शेवटचं एकदा, असं मनाशी म्हणत. तास सुरू झाला आणि दार उघडून आई आत आली. प्रवासानं केस विस्कटलेले, पोस्टातली ती मोठी कापडी पिशवी काखेत. बाईंनी कोण हवंय विचारलं, तर म्हणाली, की कुणी नको, मी ऐकायला आलेय. आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसली. माझ्या कानशिलांना चटके बसत होते. पूर्ण तास तिनं फळ्यावरची नजर हलवली नाही.

तास संपला, मुलं गेली, तशी ती पुढं आली. स्वतः कोण ते सांगितलं आणि दादाचं नाव घेऊन विचारलं, की हा तुमच्या वर्गात कधीपासून यायचा बंद झाला. बाईंना आठवत होतं. म्हणाल्या, थंडीचे दिवस होते. आधी तो मागच्या बाकांवर सरकत गेला, मग दिसेनासा झाला. आईनं विचारलं, मग कुणी जाऊन त्याचं दार वाजवलं का? बाबा, तिचा आवाज एवढा चढला की बाहेरून जाणारे शिपाई थबकले. बाई म्हणाल्या, नाही. कितीतरी मुलं विषय बदलतात, मला वाटलं हाही गेला असेल दुसरीकडे. जायला हवं होतं.

आता आई त्यांना फाडून खाणार असं मला वाटलं. तीही त्याच तयारीनं आली होती, बसमध्ये वाक्यं पाठ केली होती हे मला नंतर तिनंच सांगितलं. पण बाईंनी हो चुकलं म्हटल्यावर तिच्याजवळची सगळी वाक्यं संपली. ती पहिल्या बाकावर मटकन बसली. म्हणाली, की मी दर रविवारी फोन करायचे. तो बरा आहे म्हणायचा. मला ते ऐकायचंच असायचं, मी ठेवून द्यायचे. मग ती रडली. बाई तिच्या शेजारी जाऊन बसल्या, पण तिला हात लावला नाही. मला काय करावं सुचेना, म्हणून मी फळा पुसत राहिले. कोरा झाला तरी पुसत होते.

वसतिगृहात आल्यावर मात्र ती नेहमीची आई झाली. माझी उशी उन्हात टाकली, मैत्रिणीच्या बरण्यांना नावं ठेवली, आणि तिला बजावलं, की ही एक दिवस खोलीतून बाहेर पडली नाही तर थेट मला फोन करायचा, हिची परवानगी विचारायची नाही. मैत्रिणीनं मान डोलावली. बरणीतल्या प्राण्यांना न घाबरणारी ती आईला घाबरली होती.

संध्याकाळी अंगणातल्या बाकावर बसलो. मी म्हटलं, तुला शब्द दिलाय, मोडणार नाही. ती म्हणाली, तो शब्द मी घाबरून घेतला होता. मग म्हणाली, भीती अजून आहेच आणि ती जाणार नाही. तू काय घ्यायचं ते घे. मला हो म्हणायला लावू नकोस, मला ते जमायचं नाही. पण यापुढं पत्रात 'मी मजेत आहे' एवढं लिहून पाठवलंस तर पत्र उलट टपाली परत करीन.

काल कचेरीत जाऊन तत्त्वज्ञान कळवलं. सर नाराज झाले. मग म्हणाले, की संख्याशास्त्राचे दोन तास तरी सोडू नकोस. नाही सोडणार.

आणि आता, बाबा, खरी गोष्ट. आईची भीती मला लागलीय. ती विषयाला भीत नव्हती, मलाही दादासारखं होईल याला भीत होती, हे मला आत्ता कळतंय. असं दुखणं एका घरात दोघांना होऊ शकतं, असं डॉक्टर तुम्हाला म्हणाले होते ना? मी दाराआडून ऐकलं होतं. विषय कुठलाही घेतला तरी ते टळत नाही. मला आनंद व्हायला हवा आणि मी सकाळपासून माझ्याच मनाची नाडी बघत बसलेय.

हे दादाला दाखवा. मी मजेत नाही, पण जेवले आहे.

तुमचा आधार आहेच, तो हातानं चाचपून बघावासा वाटला इतकंच.

तुमची,
भिंगरी


घर
१८ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

बाबांनी पत्र माझ्या हातात दिलं आणि स्वतः लिफ्टच्या कामाला पळाले. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मीच देतो. हो, होऊ शकतं. नाहीही होणार. मी रोज गोळी घेतो, तरी गेल्या मंगळवारी मला पलंगावरून उठवलं नाही, आणि असे मंगळवार पुढंही येतील. पण मी तिथं जाऊन परत आलोय, त्या वाटेवरचे खड्डे मला माहीत आहेत. तुला ओळीची सुरुवात आठवेनाशी झाली, तर त्याच दिवशी मला लिही. आळस आहे की दुखणं हे ठरवत बसू नकोस. ते मी ठरवीन, मोठा आहे तुझ्यापेक्षा.

इथलं सांगतो. आई येऊन आठवडा झाला. काल रविवारी मी कुंड्यांची माती खालीवर करत होतो, तर पाटावर येऊन बसली. मला वाटलं, आता औषधाचं विचारणार. तिनं विचारलं, की तुला त्या विषयात काय आवडायचं. एवढ्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. बाबांनी नाही, डॉक्टरांनी नाही, तूही नाही. मग सुचेल ते सांगायला लागलो. म्हटलं, काही जण असं मांडतात, की आहे तो फक्त आत्ताचा क्षण. जो दिवस गेला तो आता कुठंच नाही.

आई म्हणाली, कुठंच नाही म्हणजे? मी म्हटलं, कुठं आहे ते दाखव. ती म्हणाली, तुला जन्म दिला तो दिवस कुठंच नाही म्हणतोस? मग तू आलास कुठून? मी म्हटलं, आई, तो दिवस होता आणि तो आहे, यात फरक आहे. म्हणाली, फरक तुला असेल, तेव्हा कळा मला आल्या होत्या. मी समजावून सांगायला गेलो, ती ऐकेना. म्हटलं, हा मुद्दाच नाही. म्हणाली, मुद्दा काय तो तू ठरवणार होय? माझा आवाज चढला, तिचा त्याहून चढला. शेजारच्या काकू गच्चीतून डोकावल्या. बाबा धावत बाहेर आले आणि आईला हळूच म्हणाले, अगं, त्याला त्रास होईल. आई त्यांच्यावरच खेकसली, की तुम्ही मध्ये पडू नका, हा चुकीचं बोलतोय.

भिंगरी, मी आजारी पडल्यापासून या घरात माझ्याशी कुणी भांडलेलं नाही. मी काहीही बोललो तरी सगळे हो म्हणतात आणि दार हळू लावतात. काल आई माझ्याशी भांडली, भांडता भांडता माझ्या हातातलं खुरपं काढून घेऊन मातीत रेघा मारून मला पटवायला लागली, आणि शेवटी तणतणत आत गेली.

आज सकाळी पोस्टात निघताना चपला घालता घालता म्हणाली, की मी विचार केलाय, तू अजून चुकतोयस, आल्यावर बोलू.

मी तिची वाट बघतोय.

लोभ असू दे, आणि अधूनमधून एखादं कडाक्याचं भांडण.

तुझा,
दादा